मोहरीच्या गोष्टीतलं आमचं घर

पोळ्या लाटून झाल्या की माझे हात थोडा वेळ माझे राहत नाहीत. मनगटापासून खाली दुसऱ्याच कुणाचे जोडल्यासारखे लोंबतात. लातूरला मुलींच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये मी सात वर्षांपासून स्वयंपाकाला आहे. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला आलेल्या शंभरावर मुली दोन वेळा जेवतात आणि आम्ही करणाऱ्या तिघी. कणीक मळायला यंत्र आहे, लाटायचं मात्र हातानंच. मेसच्या मागची खोली मॅडमनी आम्हाला राहायला दिली. ते उपकार मी रोज आठवते आणि रोज भिते. उद्या त्या म्हणाल्या, खोली रिकामी करा, तर लेकरं घेऊन कुठं जाऊ? नवरा डाळमिलमध्ये पोती उचलतो. तो संध्याकाळी येतो तेव्हा बोलण्याइतका उरलेला नसतो. मीही नसते.

हे लिहिते आहे तेही त्या मुलींच्या वह्यांत. वर्ष संपलं की अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात. पुढच्या पानांवर बेडकाचं हृदय, मागच्या पानांवर मी.

शाळा मी सातवीत सोडली. कुणी काढलं नाही मला. माझं माहेर किनवटच्याही पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला लागून. कापसाच्या दिवसांत माय वेचणीला जायची, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी पाहिजे होतं. आधी आठवडा गेला, मग महिना, मग परीक्षा निघून गेली आणि नंतर वर्गात जायची लाज वाटायला लागली. यंदा माझी लेक सातवीत आहे. जूनमध्ये तिची पुस्तकं आणली तेव्हापासून मनाला एकच घोर लागला. मला येत होतं ते इथं संपलं. याच्यापुढं हिच्या अभ्यासातलं मला काही कळणार नाही. मुलगा तिसरीत आहे, त्याचंही चार वर्षांत तेच होणार. मग मी यांना द्यायचं काय? माझ्याकडे गोष्टी तेवढ्या होत्या.

त्या गोष्टी भगवान बुद्धांच्या. मायकडून आलेल्या. माय वाचायला शिकली नाही. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी एक मास्तर ग्रंथ वाचायचे. माय निंदणीवरून यायची, हातपाय धुवायची, पांढरं लुगडं नेसून जाऊन बसायची. ऐकलेलं घरी आणायची आणि भाकरी होईपर्यंत आम्हाला सांगायची. बाण लागलेल्या हंसाची गोष्ट, बोटं कापणाऱ्या दरोडेखोराची, रस्ता झाडणाऱ्या माणसाची, ज्याला वाटेतून बाजूला व्हायला न सांगता भगवानांनी सोबत घेतलं. आणि मोहरीची.

मोहरीची गोष्ट आमच्या लोकांत सगळ्यांना माहीत आहे. एका बाईचं लेकरू जातं. ती त्याला उराशी धरून भगवानांकडे येते आणि म्हणते, औषध द्या. भगवान म्हणतात, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कुणीच मेलं नाही अशा घरातून आण. बाई निघते. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांची. इथून पुढं ती माझ्या मायची व्हायची, कारण मायच्या गोष्टीतली बाई आमच्याच गावात फिरायची.

आधी विहिरीजवळच्या म्हातारीकडे. म्हातारी मोहरीचा डबा काढायची. बाई विचारायची, "घरात कुणी गेलं का वं?" म्हातारी म्हणायची, "धाकटी सून गेली, बाळंतपणात." डबा बंद. मग सुताराकडे. त्याचा थोरला विहीर खणताना दरडीखाली गेलेला. डबा बंद. मग तेल्याकडे, मग दोन घरं सोडून मास्तरांकडे. शेवटी पाटलाच्या वाड्यात. तिथं ती बाई ओट्यावर बसायची. पाटलीणबाई तिच्या शेजारी बसायच्या आणि तिच्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलायच्या. गोष्टीबाहेर मी माझ्या मायला त्या ओट्यावर बसलेली कधी पाहिली नाही. कामाचं विचारायला गेली की ती अंगणात उभी राहायची.

त्यामुळे लहानपणी मला पक्कं वाटायचं की भगवान आमच्याच गावाला येऊन गेले. शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली बसले असणार, कारण सावली तिथंच होती. मोठं झाल्यावर कळलं तसं नाही, पण तोवर गोष्ट अंगात भिनली होती. माझ्या लेकरांना मी सांगितली ती तशीच. दुपारी तीन ते चार मेसमध्ये जरा निवांत असतं. शाळा सुटून दोघं येतात, माझ्यासोबत मेथी निवडायला बसतात. मेथीच्या जुडीला एक घर, असा आमचा हिशेब. किनवटकडचं गाव त्यांनी दोनदाच पाहिलेलं, तेही लहान असताना, पण कुणाच्या घरी कोण गेलं हे त्यांना तोंडपाठ होतं.

यंदा श्रावणात ते बिनसलं. आमच्या भागातल्या विहारातही वर्षावासात ग्रंथ वाचतात. लेकीचं वाचन स्वच्छ आहे म्हणून तिला दोन-तीनदा वाचायला बसवलं. ती वेळ माझी कणकेची असते, मला जाता येत नाही, पण इथं लाटताना मला वाटायचं की आता ती वाचत असेल, आणि हात हलका व्हायचा. एक दिवस दुपारी येऊन ती मेथीजवळ बसली नाही, उभीच राहिली.

"मम्मी, काल मोहरीचं आलतं वाचायला."

"हो का? मग? विहिरीजवळच्या म्हातारीचं वाचलंस का?"

"त्यात म्हातारीच न्हाई. सुतार न्हाई, पाटील न्हाई, आपलं गावच न्हाई. ती बाई श्रावस्तीची हाय. अन् सगळं एवढ्याशात संपतंय."

मी पुढची जुडी सोडली.

"तू मनानं सांगत होतीस का?"

"मायनं सांगितलं तसं सांगितलं."

"मग आज्जीनं मनानं सांगितलं." तिचा आवाज चढला. "चौथीत मी वर्गात सांगितलं होतं, भगवान माझ्या आज्जीच्या गावाला आलते म्हणून. सगळ्या पोरी हसल्या. मी भांडले त्यांच्याशी. तुझ्यापायी भांडले. अन् खरं त्याच म्हणत होत्या."

मुलगा मेथी टाकून उठला. "मम्मी खोटं बोलत न्हाई."

"तुला काय कळतंय? विहारातले भंतेजी काय म्हणले त्या दिवशी? कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं न्हाई, आधी तपासायचं. स्वतः भगवानांनीच सांगितलंय."

"मग मी तपासणार."

"जा. तपास जा."

मी मेथी निवडत राहिले. ती बरोबर होती आणि बरोबर बोलायला ती विहारातच शिकली होती. त्या रात्री पोळ्या जाड झाल्या, मुलींनी परत पाठवल्या. त्यानंतर मी गोष्ट काढली नाही. मुलगा एक-दोनदा म्हणाला, तर म्हटलं, डोकं दुखतंय रे. खरंच दुखायचं. लेक दुपारी आली की तोंडासमोर पुस्तक धरायची. मला वाटलं, झालं. जेवढं होतं तेवढंही गेलं. आता जेवायला वाढण्यापुरती मी यांची आई.

दिवाळी आम्ही करत नाही, पण सुटी सगळ्यांनाच लागते. हॉस्टेल सहा दिवस बंद झालं. मॅडमनी न मागता सांगितलं, जाऊन या माहेरी, किती वर्षं झाली. नवऱ्याला मिलमधून सुटी नव्हती. मी दोन लेकरं आणि एक पिशवी घेऊन निघाले. लातूरहून नांदेड, नांदेडहून किनवट, पुढं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मांडीवर मांडी. सकाळी निघालेली मी दिवस मावळताना पोचले. मायनं दारातच माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "हे काय करून ठेवलंस?" आणि तिचे तर माझ्यापेक्षा वाईट होते. अजून ती वेचणीला जाते. भावाकडेच असते, पण ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडूनच होते. सात वर्षांत असं पडून राहिले नव्हते. माय अंगणात सोयाबीन पाखडत होती, लेक ओट्यावर बसलेली. नऊ-दहा वाजले असतील. तेवढ्यात बाहेर बाईचा आवाज चढला, म्हणून उठून आले. सुताराची सून दारात उभी होती आणि तिनं माझ्या मुलाचं मनगट धरलं होतं.

"हे तुमचं हाय का?"

"हाव. काय केलं त्यानं?"

"काय केलं? माझी लेक ओली बाळंतीण हाय घरात. अन् हे दारात उभं राहून इचारून राहिलं, तुमच्या घरी कोण मेलं? म्या म्हणलं, कोणी न्हाई मेलं, हो तिकडं. तर वरून मला म्हणते, मेलं असंल काकू, नीट आठवून सांगा!"

शेजारची एक बाई फिस्सकन हसली. सुताराच्या सुनेला ते झोंबलं. "लातूरला हेच शिकवता का वं लेकरायला? मोठ्या शहरात राह्यता म्हणे!"

तान्ह्या लेकराच्या घरात मेल्याचं नाव काढायचं, तेही माझ्या पोरानं, आणि मायला या गावात राहायचं आहे. मी हात जोडले. म्हटलं, "चुकलं ताई, लहान हाय, त्याला समजत न्हाई." मुलाच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, तर तो म्हणाला, "मी तपासून राहिलो होतो! तिनंच सांगितलं तपास म्हणून." आणि बहिणीकडे बोट केलं. एका दिवसात त्याची बोली आजीसारखी झाली होती. कंपासपेटीतली पेन्सिल त्याच्या कानावर खोचलेली. विहिरीजवळच्या घरी जाऊन आला होता, तेल्याकडे जाऊन आला होता. विहिरीजवळची म्हातारी कधीच गेली, पण तिच्या नातवानं सांगितलं होतं, हो, आमची एक काकू बाळंतपणात गेली म्हणतात.

सुनेच्या मागून काठी टेकत सुतार आला. आता खूप म्हातारा झालाय. त्यानं सुनेला हातानं गप्प केलं आणि मुलाला विचारलं, "बापू, तुला कोणं सांगितलं आमच्या घराचं?"

"मम्मीनं. तुमचा थोरला विहीर खणताना दरडीखाली गेला. खरं हाय का खोटं?"

मी डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"खरं हाय," तो म्हणाला. "त्याच दिवशी पाणी लागलं होतं."

मग तो सरळ आत आला आणि मायच्या शेजारी, सोयाबीनच्या ढिगाजवळ बसला. "तू सांगत होतीस व्हय हे लेकरायला?"

"हाव," माय म्हणाली. सूप थांबवलं नाही तिनं.

"आमच्या घरात आता त्याचं नाव कोणी काढत न्हाई. पोरायला तर माहीतच न्हाई." सुनेकडे बघून म्हणाला, "हिलाबी न्हाई."

सून दारातच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामंजी, चहा घ्यायला या घरी," आणि निघून गेली. म्हाताऱ्यानं चहा आमच्याकडेच घेतला. उठताना मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

लेक ओट्यावरून हे सगळं ऐकत होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. वाटलं, आता म्हणेल, मेलेली माणसं खरी असली म्हणून भगवान आले हे कुठं खरं?

मुलगा आजीसमोर उकिडवा बसला. "आज्जी, पाटलांच्या वाड्याला कुलूप हाय. ते नांदेडला राह्यला गेले म्हणे. ते सोडलं तर सगळी घरं झाली. हे एकच राहिलं." आणि आमच्याच दाराकडे हात केला. "इथं मिळंल का मोहरी?"

मी म्हणाले, "पुरे झालं आता, ऊठ." मला वाटलं, माझा बाप गेला ते मायला आठवेल. पण तो गेला ते अलीकडे, माझ्या लग्नानंतर. गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

मायनं सूप खाली ठेवलं. "न्हाई रे बापू," ती म्हणाली. "इथंबी मिळत न्हाई."

"कामून? कोण गेलं?"

"तुझा मामा. तुझ्या मायच्या आधीचा. दीड वर्षाचा होता."

मला पहिल्यांदा वाटलं ती दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. "कोणता मामा?" मीच विचारलं.

"तुझा मोठा भाऊ. हगवण लागली. किनवटला न्यायला बैलगाडी जुंपली, निम्म्या वाटेतून परत फिरवली." तिनं हे सोयाबीनमधला खडा बाजूला काढावा तसं सांगितलं.

"माय, तू मला कधी सांगितलंच न्हाई."

"सांगतच तर होते."

"कधी?"

"रोज. तुम्ही दोघं पाटलाच्या ओट्यापर्यंत यायचे अन् तिथं झोपून जायचे. भाकरी खायला उठवावं लागायचं. राहिलेलं घर मग मी एकटीच करायची."

मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मी किती झोपाळू होते. मग वाटलं, एवढी वर्षं माझ्या लेकरांना मी गोष्ट पाटलाच्या ओट्यावर संपवून देत आले, तोच शेवट म्हणून. माय पुन्हा पाखडायला लागली. लेक उठली आणि आजीच्या समोर दुसरं सूप घेऊन बसली. तिला पाखडता येत नाही. निम्मं सोयाबीन बाहेर सांडत होती. आजी म्हणाली, "अगं बाई, कोंबड्यायला वाढून राहिलीस का मला मदत करून राहिलीस?" ती हसली. पण सूप सोडलं नाही. निघेपर्यंतचे तीन दिवस ती आजीच्या मागं मागं होती. माझ्याशी मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही.

परतीला नांदेडहून लातूरची बस धरली. खिडकीशी लेक, मध्ये मुलगा, कडेला मी. पाय सुजले होते. उद्या पहाटे उठून मेस उघडायची होती, किराणा भरायचा होता, त्यासाठी एक दिवस आधी आलो नाही म्हणून मॅडम काय म्हणतील हे डोक्यात होतं. लोहा मागं पडलं तशी लेक खिडकीकडे बघतच म्हणाली, "मम्मी, मामाचं नाव काय होतं?"

चार दिवस तिथं होते आणि मी नाव विचारलंच नव्हतं.

भावाला फोन लावला. तो शेतात होता. मायला द्यायला त्याला पाच मिनिटं लागली, तोवर दोनदा फोन कटला. मायला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तिला वाटतं आपल्यालाही येत नाही. ती ओरडून बोलते.

"पोचली का वं?"

"न्हाई, बसमधी हाय. माय, त्याचं नाव काय होतं?"

"कोणाचं?"

"मोठ्या भावाचं."

"आता कशाला पायजे?"

"लेक विचारून राहिली."

पलीकडे वारा ऐकू येत होता. मला वाटलं पुन्हा कटला. मग मायनं नाव सांगितलं, एवढ्या मोठ्यानं की पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवली. एकदाच नाही, दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा लाडाचं, घरात हाक मारायचं. मला सांगायची गरजच पडली नाही, दोघांनीही ऐकलं होतं.

थोडं अंतर गेलं. मग लेकीनं भावाला कोपर मारलं. "ऐक. श्रावस्तीला एक बाई होती. तिचं लेकरू गेलं. भगवान म्हणले, मोहरी आण. मग ती फिरत फिरत आज्जीच्या गावाला आली."

"श्रावस्तीवरून? चालत?"

"चालत न्हाई तर काय एसटीनं?"

"लई लांब हाय."

"लांबच हाय. म्हणून तर एवढी घरं झाली तिची. वाटेत लातूरला पण थांबली. मेसमधी आली. मम्मी पोळ्या लाटून राहिली होती."

"मम्मीनं मोहरी दिली का?"

"गप बस की. सांगू का नको?"

तिनं दोन घरांच्या माणसांची अदलाबदल केली. सुताराची सून तेल्याच्या घरी नेऊन ठेवली आणि तिला मोहरीच्या डब्यासकट भांडायला लावलं. पाटलाच्या वाड्याला तिनं कुलूप घातलं, बाई ओट्यावर एकटीच बसली. मी काही दुरुस्त केलं नाही. अहमदपूरला बस थांबली, कंडक्टर म्हणाला दहा मिनिटं आहेत, चहापाणी करून घ्या. घसा कोरडा पडला होता, पायही मोकळे करायचे होते. पण बाई तेव्हा वाड्याच्या ओट्यावरून उठून आमच्या घराकडे निघाली होती, म्हणून मी उतरले नाही.